माणूस आहे!

क्रूझवरून परवाच परतलो. ऑफिसात जो तो विचारतोय, "काय, आराम झाला का?" झाला ना! पोटऱ्यांत गोळे आलेत. मुंबई ते लक्षद्वीप उभ्याने जाऊन आलेला मी बहुधा पहिलाच प्रवासी असेन.

पैसे मात्र बसायचेच घेतले होते. तिकीट, त्यावर जीएसटी, त्यावर बंदराचं शुल्क आणि शिवाय बक्षिशी, जी माझ्या वतीने त्यांनीच परस्पर माझ्याकडून घेऊन टाकली. बॅलार्ड पिअरला बॅगा तपासून इस्त्री काढून घेतली, ते ठीक. आग लागू नये म्हणून बोटीवर इस्त्री चालत नाही.

निघण्याआधी कवायत झाली. सात छोटे भोंगे, एक लांब, की सगळ्यांनी नेमलेल्या जागी जमायचं. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची ही कवायत झालेलीच नव्हती. म्हणून आता आधी कवायत, मग प्रवास. मी हे बायकोला गंभीरपणे सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, त्या लाइफबोटीत खिडकीकडची जागा आधी सांगून ठेवता येते का?"

त्या काकू. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बोट कुठेच थांबणार नव्हती. सकाळी सात वाजता मी केबिनच्या कार्डावर निळा टॉवेल घेतला आणि पोहण्याच्या तलावाशी गेलो. आरामखुर्च्यांच्या रांगाच रांगा, त्यांवर माणसं तीन. बाकी सगळे टॉवेल पहुडले होते. एका खुर्चीवर फक्त गॉगल ऊन खात होता. भिंतीवर पाटी, की चाळीस मिनिटं कुणी नसेल तर सामान उचललं जाईल. पाटीखालच्या खुर्चीवर सोलापुरी टॉवेल आणि त्याच्या शेजारी काकू, मांडीवर चिवड्याचा डबा.

"बसू का इथे?"

"माणूस आहे."

"आणि ही?"

"वहिनींची. नाश्त्याला गेल्यात."

"त्या पलीकडच्या दोन?"

"त्या मुलांच्या. झोपलीत अजून खाली."

"झोपलीत तर खुर्ची कशाला?"

"उठल्यावर कुठे बसतील मग?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला मुलंबाळं नाहीत याची त्यांना खात्रीच पटली असावी.

शेवटची खुर्ची रिकामी दिसत होती. टॉवेल नाही, चप्पल नाही. मी तिकडे सरकलो.

"ती ह्यांच्या पायांची."

"पायांची?"

"ह्यांना पाय वर घेऊन बसायला सांगितलंय डॉक्टरांनी. व्हेरिकोज व्हेन्स."

मी पाटीकडे बोट दाखवलं. काकू हसल्या. "अर्ध्या तासाने येऊन टॉवेल झटकला की चाळीस मिनिटं परत पहिल्यापासून. तो मुलगाच म्हणाला."

तो मुलगा म्हणजे डेकवरचा कर्मचारी, रत्नागिरीकडचा. त्याला गाठलं, तर हळूच म्हणाला, "काका, मी टॉवेल उचलला की त्या माझी तक्रार लिहिणार. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, मध्ये सुट्टीचा वार नाही. तुम्ही पाचव्या मजल्यावर बसता का? तिथे एसी आहे." नियम करणारा वर एसीत बसतो आणि लोकांशी भांडायला या पोराला उन्हात उभं करतो. मी काही बोललो नाही. त्याच्यावर ओरडून काय मिळणार होतं?

आमचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून मालवणला आगबोटीने जायचे, डेकच्या तिकिटावर. सतरंजी पसरली की तेवढी जागा आपली, पण तिच्यावर आजोबा स्वतः असायचे. रात्री शेजारच्याचं पोर येऊन पायाशी झोपलं तर त्याला कुणी उठवत नसे. आजी मात्र सांगायची, की पोराने धोतर भिजवलं की आजोबा मालवण येईपर्यंत शिव्या घालायचे. असो.

खरी अडचण वेगळीच. जन्म लोकलमध्ये गेला, त्यामुळे जागा मिळवायचा एकच मार्ग मला ठाऊक. बसलेल्याला विचारायचं, "कुठे उतरणार?" तो "कुर्ला" म्हणाला की त्याची सीट आपली, मग मागचा आपल्याला विचारतो. सगळी मुंबई या एका प्रश्नावर चालते. बोटीत तो चालत नाही. इथे मधलं स्टेशन नाही. सगळे जिथे चढले तिथेच उतरणार. काकूंना सवयीने विचारलंही. "मुंबईला," त्या म्हणाल्या, "तुम्ही?"

मग चिवडा दिला. दादरला कुठे राहता, भाडं की मालकी, अशी चौकशी झाली. आणि एकदम त्या उठल्या. "भाऊ, पाच मिनिटं बघता का एवढं? मी जाऊन आले. आणि तुमचा तो टॉवेल द्या, ती पायांची उघडी राहते."

मी दिला. सहा खुर्च्या राखत मी मध्ये उभा. ठाण्याचं एक जोडपं आलं, तिच्या कडेवर मूल. "इथे कोणी आहे का?"

माझ्या तोंडून शब्द निघाला, "माणूस आहे."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं ते अजून विसरता येत नाहीये. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. शेवटी पायांचे मालक आले, माझ्या टॉवेलवर दोन्ही पाय ठेवले आणि डोळे मिटून म्हणाले, "जरा बाजूला होता का? समुद्र दिसत नाही."

उतरायच्या दिवशी रिसेप्शनवर हिशेब दिला, त्यात टॉवेलचे पैसे लावलेले. परत आला नाही म्हणून. मी म्हटलं, तो काकूंकडे आहे. मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, कार्ड तुमचं आहे." मागच्या रांगेत काकू होत्या, पण त्यांच्या बिलात टॉवेलचा एक पैसा नव्हता. त्यांचे सगळे सोलापुरी.