दोरा दाखवा, हजार मिळवा

‘माझ्यासाठी वेगळं काही करू नका हं,’ असं म्हणत घरात शिरणारे पाहुणे सगळ्यांनी पाहिले असतील. त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो, पण गूळ चालत नाही. पंखा दोनवरच लागतो. उशी पातळ लागते. मशीनवर गोधडी शिवण्यासाठी मिळणारा तो ‘अदृश्य’ दोरा याच घराण्यातला. मी दिसणारसुद्धा नाही, तुम्ही खुशाल शिवा, म्हणतो. आणि मग सुई बदलायला लावतो, मशीनवरचं दोऱ्याचं टेन्शन ढिलं करायला लावतो, दिवा सरकवायला लावतो, स्वतःला बसायला वेगळा पेला मागतो आणि घरातले सगळे चष्मे एका टेबलाभोवती गोळा करतो.

असल्या पाहुण्याला मी बोलावलं, त्याचं कारण भाचीचं लग्न. तिला घरच्या जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांची गोधडी द्यायची ठरली. सासूबाईंची काळी चंद्रकळा, जाऊबाईंची लिंबू रंगाची साडी, माझा पांढरा कोटा आणि नागपूरची मुलगी म्हणून थोडा नारिंगी. तुकडे जोडून झाले, खाली कापसाचा थर आणि निळं अस्तर घातलं, आणि आता तिन्ही थर एकत्र धरणारी टीप घालायची. दोरा कोणत्या रंगाचा? पांढरा घ्यावा तर चंद्रकळेवर उठून दिसतो. काळा घ्यावा तर कोट्यावर नको तेवढा दिसतो. दर तुकड्याला रीळ बदलत बसले असते तर गोधडी पूर्ण होईपर्यंत भाची आजी झाली असती. तेव्हा पारदर्शक दोरा. कोणत्याही रंगावर घाला, तो खालचाच रंग दाखवतो. वाचायला किती सोपं!

तो आणायला मी नागपूरच्या इतवारी बाजारात गेले, तेही जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात.

बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीच्या तोंडावर नागपूरचं आभाळ पतंगांचं असतं आणि जमीन मांजाची. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी माणसं त्या दिवसांत गळ्याला दुपट्टा गुंडाळूनच गाडी चालवतात, काही जण हँडलला तारेची कमान लावतात, आणि ऐन संक्रांतीला पोलीस उड्डाणपूल बंद ठेवतात. अशा दिवसांत पन्नाशी उलटलेल्या बाईनं काउंटरवर वाकून हळूच विचारायचं, ‘भाऊ, नायलॉनचा आहे काय? बारीक? न दिसणारा?’

लेस मोजता मोजता दुकानदाराचा हात थांबला.

‘ताई, मांजा नाही ठेवत आम्ही. बंद आहे.’

‘मांजा नाही हो, गोधडी शिवायची आहे.’

‘हो, हो. काल एका पोराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे होता.’

त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग मागच्या मुलाला म्हणाला, ‘अरे, ताईंना बाहेरपर्यंत सोडून दे.’ आयुष्यात एवढ्या मानानं मला कोणत्याच दुकानातून बाहेर काढलेलं नाही.

पुढच्या दुकानात माणूस बरा होता. ‘तंगूस पाहिजे काय जी तुम्हाला? तोरणाचा?’ म्हणाला आणि मणी ओवायच्या तंगुसाचं रीळ पुढे ठेवलं. तंगूस आणि हा दोरा, दोघेही एकाच अखंड तंतूचे. सुती दोऱ्यासारखे अनेक तंतू एकत्र पिळलेले नसतात. पण तंगुसानं हत्ती बांधता येईल. शिवणाचा दोरा लागतो तो इंचाच्या हजार भागांपैकी चार भाग जाडीचा, म्हणजे ०.१ मिलिमीटर, आपल्या डोक्यावरच्या जाडशा केसाएवढा. मी तसं सांगितल्यावर त्यानं टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाला, ‘मग तर आमच्याकडे काहीच नाही.’

शेवटी मिळाला. कुठल्या दुकानात ते सांगत नाही, कारण त्यानं पॉलिएस्टर म्हणून नायलॉन दिला.

हा फरक मला कळायचं एरवी काही कारण नव्हतं. नायलॉन बाजारात आला तो १९३८ मध्ये, अमेरिकेत, ड्यू पाँट कंपनीचा, आणि पहिल्यांदा कशात, तर दात घासायच्या ब्रशमध्ये. म्हणजे जो तंतू जन्माला येऊन आधी दातांवर घासला गेला, त्याला आपण पाचवारी साडीवर बसवायला निघालो आहोत. नायलॉनचा दोरा मऊ असतो, पण ताणला की लांबतो, उन्हानं पिवळा पडतो, वर्षांनी कडक होऊन तुटायला लागतो. पॉलिएस्टरचा त्या मानानं कमी ताणला जातो, उष्णता जास्त सोसतो, रंगही टिकवतो. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि गोधड्या गच्चीवर वाळतात, त्या गावात काय घ्यायचं हे वेगळं सांगायला नको.

पण रिळाकडे बघून दोघे ओळखू येत नाहीत. दोघेही दिसतच नाहीत, ओळखणार काय? मग जाळून बघायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याला मुळात पीळच नाही, जळताना तो ज्योतीपासून मागे सरकतो आणि टोकाला त्याची गोळी होते. पॉलिएस्टरची गोळी काळसर आणि धूर काळा. नायलॉनची फिकट. शिवाय नायलॉन जाळला की सेलेरीचा वास येतो, असं जाणकार सांगतात. आता सेलेरी आमच्या महाल भागात कोणी हुंगली आहे? सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास येतो म्हणाले असते तर आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डोळे मिटून सांगितलं असतं. तरी त्या आल्याच. नाक पुढे करून म्हणाल्या, ‘प्लास्टिक जाळून राहिली काय व तू? देवाजवळ?’ गोळी फिकट निघाली. दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. उलट ‘जाळलेला माल परत घेत नाही’ म्हणाला, आणि ह्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

पॉलिएस्टर मग भाच्यानं ऑनलाइन मागवून दिला. त्यातही पांढरा-पारदर्शक की धुरकट? फिकट कापडावर पारदर्शक, गडद कापडावर धुरकट, असा नियम. आमच्या गोधडीत चंद्रकळाही आणि कोटाही, म्हणजे जिथून सुटायला निघालो तिथेच येऊन पोचलो. मी पारदर्शक घेतला. चंद्रकळेवर तो ट्यूबलाइटखाली एका विशिष्ट कोनातून किंचित चमकतो. तो कोन पाहुण्यांना बरोबर सापडतो.

खरी मजा ओवण्यात आहे. सुईचं नेढं दिसत नाही हे वय झाल्याचं लक्षण मान्य. पण इथे नेढं दिसतं, सुई दिसते, माझी दोन बोटं एकमेकांवर दाबलेली दिसतात आणि त्या दोन बोटांच्या मध्ये काय आहे, आहे की नाही, हे फक्त श्रद्धेवर. ओवला म्हणून चाक फिरवावं तर टीप पडत नाही. तुटला म्हणून नवीन काढावा तर जुना बाहीला लोंबतोय. यावर दोन उपाय खरोखर चालतात. दोऱ्याचं टोक काळ्या मार्करनं रंगवायचं, आणि सुईमागे काळा कागद धरायचा. पहिल्या उपायात माझी बोटं काळी झाली. दुसऱ्या उपायासाठी तिसरा हात लागतो, तो आई देतात, आणि हातासोबत सल्लाही देतात.

सुई बारीक लागते, ८ किंवा १० नंबरची. आमच्या मशीनला वर्षानुवर्षं १६ नंबरची सवय. जाड सुई मोठं भोक पाडते, केसाएवढा दोरा ते भरून काढू शकत नाही, आणि त्या भोकातून बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या रिळाचा, दोरा वर डोकावतो. बॉबिनमध्ये साधा सुती दोराच घालायचा असतो. पारदर्शक घालायचा हट्ट असेल तर हळू आणि अर्धवटच भरायची, कारण ताणून गुंडाळलेला दोरा आवळत जातो आणि प्लास्टिकची बॉबिन तडकूही शकते. मला हट्ट नव्हता. घरात पांढऱ्या सुती दोऱ्याचं मोठं रीळ होतं, तेच खाली घातलं.

टेन्शनच्या बाबतीत घरात दोन पक्ष पडले. वरचं टेन्शन ढिलं करायचं, जवळजवळ सुटल्यासारखं वाटेल इतकं. कारण घट्ट ठेवलं तर दोरा शिवताना लांबतो, टाका पडल्यावर आखडतो आणि सगळ्या कापडाला चुण्या घालतो. आमच्या गल्लीतले टेलरभाऊ हे ऐकायला तयार नाहीत. त्यांनी येऊन स्क्रू परत आवळला. ‘टेन्शन कमी केलं की टाका मार खातो, काकू,’ म्हणाले. सुती दोऱ्यासाठी ते म्हणतात ते बरोबरच आहे. ते गेल्यावर मी स्क्रू सैल केला. चहा प्यायला आले की ते पुन्हा आवळायचे. त्या स्क्रूनं एवढं राजकारण याआधी कधी पाहिलं नसेल.

आणि रीळ. साधं रीळ मशीनच्या खुंटीवर शहाण्यासारखं फिरतं. हे फिरत नाही, उसळतं. वेटोळ्यावर वेटोळं सोडत दोरा खुंटीखाली उतरतो, तिथे स्वतःलाच फास लावतो आणि चालू मशीन ‘खट्’ करून थांबतं. म्हणून रीळ मशीनमागे एका पेल्यात उभं ठेवायचं आणि त्याला जाळी घालायची. जाळी कुठून आणायची? संत्र्याच्या गावात राहून संत्र्याचा काही उपयोग झाला नाही. अंगाला अगदी बेतून शिवल्यासारखी बसली ती सफरचंदावरची फोमची जाळी. तेव्हापासून आमच्याकडे फळवाल्याकडून सफरचंदं जाळी बघून घेतली जातात.

एवढं जमलं की शिवण छान चालते, पण सावकाश. घाई केली की दोरा तापून तुटतो, आणि तुटलेला कुठे ते हाताला लागेपर्यंत कळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी अगदी बारीक टाके घ्यायचे, कारण हा इतका घसरडा की साधी गाठ त्याला धरूनच ठेवत नाही. कापलेली टोकं ताठ राहतात आणि टोचतात. बाळाच्या दुपट्याला म्हणूनच हा दोरा वापरू नये. ते टोक अंगाला टोचतं, आणि सुटलेला फास इवल्याशा बोटात अडकू शकतो. ही गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. एरवी कापलेले तुकडे झाडूला सापडत नाहीत, डोळ्याला सापडत नाहीत, फक्त पायमोज्यांना सापडतात.

इस्त्रीचा प्रश्न शेवटचा. चौकातल्या इस्त्रीवाल्या दादांची इस्त्री कोळशाची. सुती कपड्याला इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापते. नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार २२० ला वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो. पॉलिएस्टर अडीचशेपर्यंत तग धरतो. पण कोळशाला आकडे कुठे असतात? दादा तळहात जवळ नेतात, बोटावर पाण्याचा थेंब घेऊन उडवतात आणि ‘झाली’ म्हणतात. मी त्यांना सांगितलं, वर ओला कपडा घालून फक्त दाबा, यात प्लास्टिकचा दोरा आहे. त्यांनी गोधडी उजेडात धरली, चंद्रकळा पाहिली, कोटा पाहिला. ‘कुठी आहे दोरा? सांगा बरं तुम्ही.’ मी बोटानं दाखवला. ‘तुम्ही दाखवून राहिल्या म्हणून हो म्हणतो,’ म्हणाले.

घरी तर कोणी तेवढंही म्हणालं नाही. आईंनी गोधडी मांडीवर घेतली. त्यांच्या पिढीनं कडेपासून आत आत फिरत जाणारा धावदोरा हातानं घातलेला, आणि त्यात टाका हाच दागिना. किती बारीक, किती सारखा, यावरून बाई ओळखायची. त्यांनी तळहात फिरवला, खळगे लागले, दोरा लागला नाही.

‘हे चिकटवलं काय व?’

‘शिवलंय आई. टाके आहेत.’

‘मले तर नाही दिसून राहिले.’

‘न दिसणारेच घातलेत.’

‘मंग घातले कायले?’

मी घरात जाहीर केलं, वरच्या बाजूनं दोरा दाखवा आणि हजार रुपये मिळवा. दीर भिंग घेऊन बसले. मुलगा मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून चंद्रकळेवर पोचला, तेव्हा मी घाईनं नियम बदलला, की दिवा न लावता.

लग्नानंतर महिन्याभरानं भाचीनं पुण्याहून फोटो पाठवला. नवी खोली, नवा पलंग, आणि त्यावर माझी गोधडी, उलटी. निळं अस्तर वर, आणि त्यावर बॉबिनच्या पांढऱ्या सुती दोऱ्याची टीप, प्रत्येक तुकड्याची खाच धरून गेलेली, सरळ, सारखी, एकही टाका न चुकलेली. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, किती सुंदर शिवलंयस गं! पण मागच्या बाजूला एवढे रंगीबेरंगी तुकडे कशाला लावलेस?’

आईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. ‘पोरगी शहाणी आहे,’ म्हणाल्या. ‘पुढच्या बारीले वरूनही पांढराच घाल.’