पेढे एक्स्चेंजनंतर वाटा

आज सकाळी एका मैत्रिणीचा दोन शब्दांचा मेसेज आला. "घर गेलं."

रेडिंगजवळच्या लोअर अर्लीतलं ऐंशीच्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर. तीन बेडरूम, गॅरेजची खोली केलेली, ४,५०,००० पाउंडांना ठरलेलं. ऑफर मान्य होऊन चौदा आठवडे झाले आणि आता मालकाला आठ हजार जास्त देणारं गिऱ्हाईक मिळालं. इथे याला गॅझम्पिंग म्हणतात. आपल्याकडे जे म्हणतात ते लिहिलं तर फेसबुक पोस्ट उडवेल.

बिचारीने खिडक्यांची मापं घेऊन नाशिकच्या टेलरकडून पडदेसुद्धा शिवून आणलेत. हॉलचा जोड २३८ सेंटिमीटर रुंद. दुसऱ्या कुठल्या खिडकीला लागणार तो?

"घर घेतलं!" म्हणून पेढ्यांचे फोटो टाकणाऱ्यांनो, ऐका. आपल्याकडे इसार दिला, साठेखत रजिस्टर झालं की मालकाला फिरणं जड जातं. इंग्लंडमध्ये ऑफर ॲक्सेप्ट होणं म्हणजे नुसती तोंडाची वाफ. दोन्हीकडचे सॉलिसिटर, म्हणजे वकील, सह्या केलेली कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज करतात, तुमचे साधारण १० टक्के अडकतात, तेव्हा कुठे सौदा बांधला जातो. किल्ल्या त्यानंतर, कम्प्लीशनच्या दिवशी. घराचा विमा मात्र एक्स्चेंजपासूनच हवा, कारण सहसा त्या दिवसापासून जळलं-पडलं तर तुमच्या डोक्यावर. आणि ही म्हणे इंग्रजी पद्धत, चालायचंच! स्कॉटलंडमध्ये विकणाऱ्यालाच आधी सर्व्हेसकट (घराच्या तपासणीसकट) होम रिपोर्ट द्यावा लागतो, आणि वकिलांची पत्रापत्री पुरी झाली की सौदा पक्का. तिथे बरं जमतं.

हो, इंग्लंडच्या याच ढिलाईमुळे घेणाऱ्यालाही एक्स्चेंजपर्यंत मागे फिरता येतं. मान्य. पुढे.

एजंटवर चिडून काही होत नाही, तो विकणाऱ्याचा माणूस. नंतर आलेली ऑफरही त्याला कायद्याने मालकाला कळवावी लागते, मालकानेच "नको" म्हणून लेखी दिलं नसेल तर. म्हणून ऑफर देतानाच अट घाला, की जाहिरात उतरवा आणि नव्या लोकांना घर दाखवणं बंद करा. तेही ईमेलवर. फोनवरचं "ऑफ कोर्स" विसरा.

पण खरं दुखणं ते चौदा आठवडे. त्यातले निदान सात आपल्याच माणसांनी घालवले. हे तिलाही सांगणार आहे, फक्त आज नाही.

सासऱ्यांनी जमीन विकून मदत केली. सॉलिसिटर विचारणारच, पैसा आला कुठून? खरेदीखत, सात-बारा, त्यांचं इंग्रजी भाषांतर, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट, आणि "ही भेट आहे, घरात माझा हिस्सा नाही" असं सासऱ्यांचं सहीचं पत्र. हे सगळं मागितल्यावर जमवायला घेतलं. तीन आठवडे गेले. शिवाय सासऱ्यांनी तिकडून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर. म्हणजे ४० लाखांवर ६ लाख आधी भरायचे. रिटर्न भरल्यावर वळते होतात, पण एक्स्चेंजच्या दिवशी उपयोग शून्य.

मग गॅरेज. खोली केली होती, पण बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, नव्हतं. अशा वेळी सॉलिसिटर इन्डेम्निटी विमा (पुढे काउन्सिलने कारवाई केली तर नुकसान भरून देणारा) काढतात, किरकोळ पैशात, दोन दिवसांत. मैत्रिणीचे साहेब मात्र सरळमार्गी! त्यांनी स्वतः काउन्सिलला ईमेल करून विचारलं. एकदा काउन्सिलच्या कानावर गेलं की विमा कंपनी हात वर करते. मग रेग्युलरायझेशन, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित करून घेणं. इन्स्पेक्टर येणार, भिंत उकलून आत इन्सुलेशन आहे का बघणार. चार आठवडे. कृपा करून सॉलिसिटरला विचारल्याशिवाय काउन्सिलला काहीही विचारू नका. (आणि पत्ता रेडिंगचा असला तरी लोअर अर्लीचं काउन्सिल वोकिंगहॅम. शाळेचा अर्ज, काउन्सिल टॅक्स, सगळं तिकडे.)

आता लिहिताना पुन्हा डोकं तापतंय, कारण स्टॅम्प ड्यूटी. नाशिकचा फ्लॅट दोघांच्या नावावर. "तो भारतातला, इथे काय संबंध?" संबंध आहे! जगात कुठेही घर असलं, तुमचा हिस्सा ४०,००० पाउंड किंवा जास्त असला, तर इथे भाड्याने राहून पहिलं घर घेतलं तरी ते 'दुसरं घर' धरतात. नवरा-बायकोपैकी एकाचं असलं तरी दोघांना लागू. पहिल्यांदा घेणाऱ्याला ४,५०,००० वर ७,५०० पाउंड पडले असते. यांना ५ टक्के अधिभारासकट ३५,०००. हा आकडा त्यांना अकराव्या आठवड्यात कळला. अकराव्या! तोपर्यंत पडदे इस्त्री करून तयार.

सर्व्हेबद्दल थोडक्यात. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. या वयाच्या घराला लेव्हल दोनचा, म्हणजे मध्यम खोलीचा, सर्व्हे बहुधा पुरतो, पण घर बघायला जाताना लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, डोकं घालाच. तिथे बारीक लाकडाचे, इंग्रजी डब्ल्यूसारखे ट्रस असतात. सामान ठेवायला कुणी मधली दांडी कापली असेल तर छप्पर हळूहळू खचतं. इन्सुलेशन पार कडेपर्यंत कोंबलं असेल तर हवा अडते, कौलांखालच्या फेल्टच्या थराखाली पाणी धरतं, लाकडावर काळे डाग पडतात. छतावर आर्टेक्सची खडबडीत नक्षी असेल तर घासू नका, आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी. आणि लोअर अर्लीच्या दक्षिणेच्या कडेचं घर असेल तर बागेत दहा मिनिटं गप्प उभं राहा. एम-४ मोटरवे ऐकू येतो.

इतकं लिहीपर्यंत तिचा फोन आला. मालकीणबाई एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या. पुढे ज्या बंगल्यात जायचं होतं, तिथल्या माणसाने त्यांच्याकडून आठ हजार जास्त मागितले. म्हणजे चेनमध्ये (एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरांच्या सौद्यांच्या साखळीत) वर कुणीतरी पिळलं आणि ते खाली आमच्यापर्यंत आलं. बाईंनी रडत फोन केला होता म्हणे. आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या? तरी सर्व्हे आणि सर्चेसचे (सॉलिसिटरने काउन्सिल वगैरेंकडून काढलेल्या माहितीचे) हजारेक पाउंड बुडाले ते बुडालेच.

शनिवारी वुडलीत दुसरं घर बघायला जातायत. सात-बाराचं भाषांतर आणि सासऱ्यांचं पत्र फाइलीत तयार आहे, ३५,००० बाजूला काढलेत. मापाची टेप घरीच ठेव म्हटलंय. टॉर्च ने, लॉफ्टसाठी.