मोटरहोमच्या जाळ्यांना टेप लावू नका

'युरोपला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने वाचावे, एका वाचकाचे प्राण वाचतील' अशी सुरुवात असलेला फॉरवर्ड सध्या नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. कॉलेज रोडच्या भिशी ग्रुपवर आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, सकाळी गंगापूर रोडला चालायला जाणाऱ्यांच्याही ग्रुपवर आहे. मी तो न वाचता पुढे सरकवत होते. मग तो आमच्या मावशीकडे पोचला.

मावशी आणि काका जूनमध्ये मुलाकडे जर्मनीला जाताहेत. तिथून भाड्याचं मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन सगळे फ्रान्समार्गे स्पेनला. काका नोटप्रेसमधून रिटायर झालेले. कुलपं, मोजदाद आणि झडती यांतच माणसाची नोकरी गेली, ते असल्या मेसेजला बधणार नाहीत अशी माझी समजूत. तर ते मेनरोडला जाऊन रुंद चिकटपट्टीची बंडलं आणि कापराचा मोठा डबा घेऊन आले. सामानात भरलंसुद्धा! तिथे माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. चोर रात्री मोटरहोमच्या खिडकीतून गुंगीचा गॅस सोडतात, आतले सगळे बेशुद्ध पडतात आणि सकाळी उठून बघतात तर सगळं साफ. म्हणून झोपताना खिडक्या आणि हवेच्या सगळ्या जाळ्या टेपने बंद करा, उशाशी कापूर ठेवा. मुक्काम हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी करा, तिथे दिवे आणि कॅमेरे असतात. पोलिसांनी हात केला तरी थांबू नका. पासपोर्ट, पैसे, कार्डं एकाच पिशवीत ठेवून उशाखाली घ्या, कार्डांना चांदीचा कागद गुंडाळा. आणि चोरी झालीच तर तक्रारीच्या भानगडीत पडू नका, तिथले पोलीस काही करत नाहीत.

आधी गॅस.

माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे, रोज ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते. तिला मेसेज वाचून दाखवला, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "आणि हनुवटी कोण धरून बसतं?" भूल दिलेल्या माणसाची जीभ मागे पडते, श्वासनलिका बंद होते. म्हणून भूल देणारा डॉक्टर पेशंटला सोडून जात नाही, जबडा पुढे धरून ठेवतो, नळी घालतो, मॉनिटरवरची नजर हटवत नाही. मुळात गॅसने झोपवायचं तर मास्क तोंडावर घट्ट दाबून धरावा लागतो, आणि लहान पोरंसुद्धा तो दोन्ही हातांनी ढकलतात. इथे चोर खिडकीच्या फटीतून नळी घालणार, आतली चार वेगवेगळ्या वजनांची माणसं एकदम आणि सारखीच झोपणार, कुणी खोकणार नाही, कुणी मरणार नाही, आणि सकाळी सगळे चहा मागत उठणार. एवढी अचूक भूल देणारा चोर मिळाला तर ती त्याला उद्याच कामावर ठेवेल म्हणाली.

मैत्रिणीचं ऐकायचं नसेल तर इंग्लंडचं ऐका. तिथल्या मोटरहोमवाल्यांत ही अफवा इतकी बोकाळली की भूलतज्ज्ञांची तिथली शिखर संस्था, रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स, हिला निवेदन काढावं लागलं. त्यांनी हे थोतांड आहे असं स्वच्छ सांगितलं. ईथर असेल तर त्याचा वास उग्र, घशाला झोंबतो, माणूस खोकत, ओकत उठतो. तोंडावर फडकं दाबलं तरी बेशुद्धीला वेळ लागतो आणि वास तर दिवसेंदिवस जात नाही. हल्लीची जोरकस औषधं म्हणावीत, तर मोटरहोमभर पसरवायला मोठा कॉम्प्रेसर आणि टँकर भरभरून गॅस लागेल. शिवाय ती महाग. आणि असं बिनवासाचं, स्वस्त, पूर्ण सुरक्षित औषध खरंच निघालं असतं तर चोरांच्या आधी डॉक्टरांनी ते वापरायला घेतलं असतं.

बंद जागेत गॅस सोडून माणसं झोपवण्याचा मोठा प्रयोग एकदा झालेला आहे. २००२ साली मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात चेचेन बंडखोरांनी आठशेहून अधिक लोक ओलीस धरले होते. रशियन दलांनी हवेतून फेंटानिल या जोरकस वेदनाशामकाच्या जातीचं औषध आत सोडलं. सुमारे १३० ओलीस मेले, आणि त्यातले बहुतेक बंडखोरांच्या गोळीने नाही, त्या औषधाने. एका सरकारच्या हाताशी असलेल्या औषधाची ही गत. आणि मोटरहोममध्ये म्हणे सगळे फक्त गाढ झोपतात.

मग लोक सांगतात ते खोटं? चोरी खरी असते. दिवसभर गाडी चालवलेली, रात्री जेवणाबरोबर एखादा ग्लास वाईन झालेली, बाहेर ट्रकांची घरघर. अशा झोपेत कुणी पुढच्या सीटवरची पर्स उचलून नेली तर कळत नाही. सकाळी 'मला जाग कशी नाही आली' याचं उत्तर 'घोरत होतो' असं देण्यापेक्षा 'गॅस मारला' असं देणं बरं वाटतं. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. २०१५ मध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जेन्सन बटन याच्या सुट्टीतल्या बंगल्यात चोरी झाली तेव्हाही एसीतून गॅस सोडल्याची बातमी झाली होती, आणि तेव्हाही भूलतज्ज्ञांनी नन्नाचाच पाढा वाचला.

आपल्याकडे हे चटकन पटतं त्याचं कारण मला माहीत आहे. रेल्वेत गुंगीचं बिस्कीट देऊन लुटल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतो. त्या खऱ्या असतात. पण तिथे औषध पोटात जातं, प्रवासी स्वतःच्या हाताने ते खातो आणि चोराला त्याच्या जिवाची पर्वा नसते. त्यात माणसं दगावलेलीही आहेत. तेव्हा कसाऱ्याच्या पुढे अनोळखी माणसाच्या हातचा चहा पिऊ नका हे मावशीचं म्हणणं तंतोतंत बरोबर. त्याचा खिडकीतल्या नळीशी संबंध नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. कापूर काय, आरतीला कामाला आला असता. पण ती चिकटपट्टी!

मोटरहोममध्ये स्वयंपाक एलपीजीवर होतो. गाडीचा हीटर आणि फ्रीजही पुष्कळदा एलपीजीवरच चालतात. म्हणून त्या गाडीत जमिनीलगत आणि छताला कायम उघड्या राहणाऱ्या जाळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो खाली बसतो आणि खालच्या जाळीतून बाहेर जातो. वरच्या जाळीतून कोंदट हवा निघून जाते. काका त्या दोन्हींवर पट्टी मारणार होते. मग आत काही नीट जळलं नाही, थंडी वाजते म्हणून कुणी शेगडी पेटती ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने कुणी ना कुणी गेल्याची बातमी येते, तो हाच. डोकं जड होणं, मळमळ, झोप न उतरणं ही त्याची पहिली लक्षणं. फॉरवर्डमध्ये गुंगीच्या गॅसची म्हणून हीच लक्षणं दिली आहेत, आणि उपायही असा दिलाय की ती नक्की यावीत. उरला कापूर. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनचा घाण वास मिसळलेला असतो. उशाशी कापराचा घमघमाट असताना तो वास उशिरा कळला तर?

तेव्हा काका, पट्टी इथेच ठेवा. गाडी ताब्यात घेताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, चालू आहे का, बटण दाबून बघा. गुंगीच्या गॅसचे म्हणून अलार्म विकतात, त्यावर पैसे घालवू नका.

आता पेट्रोल पंप. मुंबई-आग्रा हायवेवर आपले ट्रकवाले उजेडाच्या ढाब्यावर थांबतात, तोच हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने तिकडे लावलाय. तिकडे नेमका उलटा प्रकार आहे. फ्रान्स-स्पेनच्या मोटारमार्गावरचे थांबे ही मोटरहोम फोडणाऱ्यांची आवडती जागा. सतत अनोळखी गाड्या, इंजिनांचा आवाज, कुणी कुणाला विचारत नाही, आणि काम झालं की चोर पाच मिनिटांत रस्त्याला लागलेला. स्पेनच्या पूर्व किनाऱ्याने जाणारा एपी-७ हा मोटारमार्ग तर यासाठी बदनामच आहे. जेवायला थांबा, पण एक माणूस गाडीत बसवून. झोपायला मोटारमार्ग सोडून आत कॅम्पसाइटवर जा, किंवा गावांनी मोटरहोमसाठी राखलेल्या जागेवर, जिथे शेजारी आणखी चार गाड्या असतात. त्या पैशात कंजुषी नको.

खरे चोर काय करतात तेही सांगते, कारण फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ताच नाही. बरीचशी मोटरहोम फियाट डुकाटो या व्हॅनवर बांधलेली असतात आणि तिच्या पुढच्या दाराचं कुलूप तकलादू. हँडलखाली पत्र्याला भोक पाडायचं, आत स्क्रूड्रायव्हर घालायचा, दार उघडलं. आतून दोन्ही दारांच्या हँडलांमधून पट्टा ओढून घेतला की बाहेरून दार ओढलं तरी उघडत नाही. पट्टा एका झटक्यात सुटेल असा हवा. आग लागली तर गाठी सोडत बसायला वेळ नसतो. दुसरा प्रकार टायरचा. शेजारून जाणारा चाकाकडे बोट दाखवतो, तुम्ही थांबता, तो मदतीला वाकतो, आणि त्याचा जोडीदार पलीकडच्या दारातून पर्स घेऊन पसार. कुणी बोट दाखवलं तर हळूहळू पुढच्या वर्दळीच्या ठिकाणापर्यंत जा. उतरायचंच असेल तर किल्ली खिशात, दारं बंद, आणि मावशी सीटवरच.

पोलिसांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करते. तोतया पोलीस असतात. ब्रिटिश सरकार स्पेनला जाणाऱ्या आपल्या नागरिकांना तसं सावध करतं: रहदारीच्या कामाला आलेला खरा पोलीस गणवेशात असतो, साध्या वेशातल्याकडेही ओळखपत्र असतंच, आणि तो कागदपत्रं मागतो, बॅग किंवा पाकीट मागत नाही. म्हणून काय कुणालाच थांबायचं नाही? खऱ्या पोलिसाने हात केल्यावर पळालात तर परक्या देशात वेगळंच लचांड मागे लागेल. थांबा, काच थोडी खाली करा, ओळखपत्र मागा. शंका आली तर ११२ लावा.

चांदीचा कागद गुंडाळायचा तर गुंडाळा बापडे. बार्सिलोनाच्या गर्दीत खिशातलं कार्ड हवेतून वाचणाऱ्यापेक्षा पाकीटच उचलणारे जास्त.

एकाच पिशवीत सगळं, हा सल्ला मात्र चोराच्या सोयीचा आहे. काकांचा पासपोर्ट एकीकडे, मावशीचा दुसरीकडे, एक कार्ड तिसरीकडे, आणि सगळ्याचे फोटो मुलाच्या मेलवर. पासपोर्ट गेला तर त्याच्याबरोबर शेंगेनचा, म्हणजे या तिन्ही देशांत चालणारा, व्हिसाही गेला. मग पॅरिस किंवा माद्रिदच्या भारतीय दूतावासात जावं लागतं, आणि तिथे आधी पोलीस तक्रारीची प्रत मागतात. इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं तरी ते फक्त भारतात परत यायला चालतं, पुढची ट्रिप संपली. इन्शुरन्सवालाही तीच प्रत मागतो. तेव्हा 'तक्रारीच्या भानगडीत पडू नका' म्हणणाऱ्याने आजवर परदेशातून काही परत मिळवलेलं दिसत नाही. निघण्याआधी पॉलिसीत बघून घ्या, गाडी जबरदस्तीने उघडल्याच्या खुणा असल्या तरच भरपाई, अशी अट आहे का. असेल तर फुटलेल्या कुलपाचे फोटो, काही हलवण्याआधी, सगळ्या बाजूंनी काढायचे. ते काम काकांकडे. मोजदादीची सवय आहे त्यांना.