‘हायकोर्टाने सांगितलंय’वाला तो मेसेज, आणि बावीस घरांची यादी

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. मजकूर साधारण असा, की ऑनलाइन टीव्ही बघणं भारतात पूर्ण कायदेशीर आहे, मुंबई हायकोर्टानेच सांगितलंय, डाउनलोड केलं तरच गुन्हा, आपण पैसे भरतो म्हणजे चोरी नाहीच, मॅच तर दूरदर्शनवर फुकटच असते, आणि व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा) लावलं की विषय संपला. खाली लिंक. वर्षाचे 1,500 रुपये, सगळे मराठी चॅनेल, सगळे ओटीटी, सगळं क्रिकेट. आमच्या एका काकांनी तर बावीस घरांची यादी करून पैसे गोळा करायला पण घेतलेत.

मी वकील नाही, पण अठरा वर्षं वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलंय, आणि कॉपीराइटच्या दोन-चार फायली या बोटांखालून गेल्यात, म्हणून हे लिहायला बसले.

हायकोर्टाचं आधी. ही 2016च्या ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हा ब्लॉक केलेली साइट उघडली की पाटी यायची, ही साइट बघाल, डाउनलोड कराल तर तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. लोक जाम घाबरले होते. मग एका हिंदी सिनेमाच्या केसमध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सांगितलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, विनापरवाना वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. म्हणजे मेसेजचा पहिला अर्धा भाग खरा आहे, तो मी नाकारत नाही. आणि ग्रुपवर ज्या मामींनी उत्तरादाखल ‘बघाल तर तीन वर्षं आत’ टाकलं, त्या त्याच जुन्या पाटीवरून बोलतायत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, तीन लाख तिथे कुठेच नाहीत, आणि घरी सोफ्यावर बसून मालिका बघणाऱ्या आजीसाठी तर ते कलमच नाही.

पण हो, ते वाक्य बघणाऱ्याबद्दल होतं, विकणाऱ्याबद्दल नाही. मेसेजवाल्याने मोठ्या सफाईने बघणाऱ्याची सूट स्वतःच्या दुकानाला लावून घेतलीय, आणि गंमत म्हणजे ज्याचा तो दाखला देतो त्याच निकालात विकणं आणि भाड्याने देणं गुन्ह्यात मोजलंय. काका, आता तुमच्यासाठी. कलम 63 फक्त हक्क मोडणाऱ्याबद्दल नाही, जाणूनबुजून त्याला साथ देणाऱ्याबद्दलही आहे. तुम्ही लिंक फिरवताय, घरोघर जाऊन 1,500 घेताय, बावीस गिऱ्हाईकं त्याला मिळवून देताय, याला कोर्टात ‘मी तर नुसता बघत होतो’ म्हणता येईल का? त्यात मे 2022मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की कलम 63चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. आमच्या साहेबांनी तो निकाल मला दोनदा टाइप करायला लावला होता म्हणून लक्षात राहिलाय. आता पोलीस उद्या सुदामा नगरात येतील असं मी म्हणत नाहीये, त्यांना दुसरी कामं आहेत. पण यादीत बावीस नावं असली तरी ती यादी तुमच्या अक्षरात आहे.

‘डाउनलोड नाही म्हणजे कॉपी नाही’, हे पण अर्धवट. स्ट्रीम चालू असताना फोनमध्ये थोडं थोडं साठतच असतं, आणि 2012च्या दुरुस्तीने अशा तात्पुरत्या साठवणीला कलम 52मध्ये सूट दिलीय, ठीक. पण काही अ‍ॅप अशी असतात की तुम्ही बघताय तेव्हाच तुमच्या फोनवरून तोच व्हिडिओ पुढच्याला जात असतो, टोरेंटसारखं. तुम्हाला वाटतं आपण बघतोय आणि प्रत्यक्षात वाटताय. त्या 1,500वाल्याचं अ‍ॅप कुठल्या जातीचं आहे हे त्याला विचारलंत का कोणी? प्ले स्टोअरवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो आणि ‘अननोन सोर्स’ (बाहेरची अ‍ॅप बसवू देणारी फोनमधली सेटिंग) चालू करा म्हणतो, मला तर एवढ्यावरच पुरे. त्याच फोनमध्ये आपलं यूपीआय असतं भिया!

पैसे भरले म्हणजे कायदेशीर, यावर काय लिहू. चोरीची सायकल पण पैसे देऊनच मिळते.

दूरदर्शनचं मात्र नीट समजून घ्या कारण इथे बरेच शहाणे लोक फसतात. 2007चा कायदा आहे, महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल खासगी चॅनेलने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचाच. पण 2017मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की तो फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठी, म्हणजे त्यांच्याच मोफत डिश सेवेसाठी. केबलवाल्याला सुद्धा तो पुढे द्यायची परवानगी नाही, मग हा लिंकवाला कोण? फुकट हवंय ना, फ्री डिश बसवा, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री पण दिसतं. बातम्या तर मराठी चॅनेल स्वतःच यूट्यूबवर लाइव्ह देतात. दूरदर्शनचं वेव्ह्ज अ‍ॅप 2024च्या नोव्हेंबरपासून आहे. इंदुरात मराठी मालिकांसाठी वेगळा पॅक घ्यावा लागतो आणि ते खटकतं हे मान्य, मलाही खटकतं, आमच्याकडे सासूबाईंच्या एका चॅनेलसाठी दर वेळी केबलवाल्याशी वाद होतो.

व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही, पण त्याने बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. आणि ‘कोणाला कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी 2022चा सरकारी आदेश बघावा, व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाईकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवायला सांगितलंय.

राहिला रविवारी गच्चीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांनी मॅच बघायचा बेत. भारताची वनडे आहे, फ्री डिशचा बॉक्स आमचा आणते, त्या लिंकची गरजच नाही. पण घरटी 50 रुपये कशाचे घेतोय ते आधी ठरवा, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 37मध्ये प्रक्षेपण पैसे घेऊन लोकांना दाखवणं हा वेगळा हक्कभंग आहे. नोटीस मी टाइप करते, त्यात ‘मॅच पाहण्याची वर्गणी’ नको, ज्याला साबुदाणा खिचडी खायचीय त्याने खिचडीचे द्यावेत, बाकीच्यांनी नुसतं येऊन बसावं. आणि काका, ते गोळा झालेले पैसे ज्याचे त्याला शनिवारच्या आत परत करा.