प्लेगची मढी म्हणे!

परवा रात्री अकराला मावशीचा फोन. पुढच्या महिन्यात ती टूरबरोबर इटलीला निघाली आहे. "अरे, फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये प्लेगने मेलेल्या बायकांची चित्रं आहेत म्हणे. मी नाही बाई त्या दालनात पाऊल टाकायची." पाठोपाठ फॉरवर्ड आलाच. उफित्सी गॅलरीतल्या 'रुचेल्लाई मॅडोना'चा फोटो, म्हणजे मेरी आणि मांडीवर बाळ येशू. त्याखाली चार 'सत्यं': चेहरे हिरवट, कारण प्लेगची मढी समोर ठेवून रंगवले, चित्रकार कोणी अज्ञात साधू, सोनं चर्चने गरिबांकडून ओरबाडलेलं, आणि त्या काळी युरोपात कोणाला चित्र काढताच येत नव्हतं.

आधी मढी. या चित्राचा करार आजही उपलब्ध आहे, तारीख १५ एप्रिल १२८५. फ्लॉरेन्समध्ये काळा प्लेग आला १३४८ साली. मढी काय ६३ वर्षं आधी येऊन बसली होती? तोवर चित्रकारही जिवंत नव्हता.

हिरवेपणाचं कारण अगदी साधं आहे. तेव्हा लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग लावत. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास सगळी कृती लिहून ठेवली आहे: चेहऱ्याला आधी हिरव्या मातीचे दोन हात, मग त्यावर गुलाबी छटा. शेकडो वर्षांच्या घासपुशीत वरचा गुलाबी झिजतो आणि खालचं अस्तर डोकावतं. झालं! हाच गृहस्थ सांगतो की तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीच्या अंड्याचा फिका बलक घ्यावा आणि म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्याला गावठीचा लालसर. मढ्यांचा उल्लेख कुठेही नाही.

'अज्ञात साधू'? करारात नाव आहे: सिएनाचा दुच्चो. चांगला बायकोमुलांचा संसारी माणूस. सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने हे चित्र चिमाबुए या दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर टाकलं आणि तो घोळ कित्येक शतकं चालला, एवढं कबूल.

सोन्याचं म्हणणं अर्धवट खरं आहे. पैशाचा जोर होताच. पण चित्र सांगितलं होतं सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या स्तोत्रं गाणाऱ्या लोकांच्या संघाने, आपल्या भाषेत भजनी मंडळाने. मोबदला १५० लिरा, सोन्याच्या मुलाम्याचा खर्च दुच्चोच्याच खिशातून, आणि चित्र पसंत पडलं नाही तर ते त्याच्याच गळ्यात! यात ओरबाडला गेलाच असेल, तर चित्रकार.

राहिलं 'काढता येत नव्हतं'. देवदूत अधांतरी टांगल्यासारखे दिसतात, हो. पण मेरीच्या झग्याची सोनेरी किनार कशी वळणं घेत खाली उतरते, ते एकदा बघा म्हणावं.

हे सगळं मावशीला पाठवलं. साडेचार मीटर उंच चित्र आहे, तेही लिहिलं. उत्तर आलं, "म्हणजे लांबूनच बघायचं ना? मग चष्मा दूरचा घेते."