चिठ्ठी वाचली नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांब लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

आज पाच जुलै. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन. उपासनेच्या आधी दाराशी प्रार्थना-विनंतीचा डबा ठेवलेला असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला खाच पाडलेली. मी त्यात चिठ्ठी टाकली. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, त्यामुळे अक्षर लागलं नाही असं कोणी म्हणू नये. चिठ्ठीत इतकंच होतं: "फादर स्टॅन स्वामींना जाऊन आज पाच वर्षं झाली. त्यांनी तळोजा तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना मागितली होती. ती आज आपण करावी."

मध्यस्थीच्या प्रार्थनेला चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन. नीटची ॲडमिशन. कॅनडाचा व्हिसा. फ्लॅटचं पझेशन अडकलंय, बिल्डरचं मन वळव. माझी आली नाही. शेवटी एकदम, "जे कोणी रुग्णालयात, कारागृहात आणि प्रवासात आहेत त्यांचं स्मरण कर, आमेन." कारागृह आणि प्रवास एका श्वासात. जणू दोन्हीकडे माणूस आपणच तिकीट काढून जातो.

बाहेर आल्यावर चर्चच्या सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "बाई, चिठ्ठी मिळाली. पण विषय जरा पोलिटिकल आहे ना. आम्ही मनातल्या मनात प्रार्थना केली." आणि मग हळूच, "शिवाय ते कॅथलिक होते ना?" (आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, प्रोटेस्टंट.)

मी काही बोलले नाही. चहासुद्धा न घेता रिक्षा केली. पण रिक्षात मला आजीची खडी आठवली, आणि तेव्हापासून चैन नाही.

बहात्तरचा दुष्काळ. मी सात वर्षांची. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं, आणि आजी, आई, दोन्ही काकू खडी फोडायला जायच्या. मी पाण्याची कळशी घेऊन मागे. खायला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, त्याची भाकरी थापताना तुटायची, आणि मुलांना सुकडी. खडी ब्रासवर मोजून आठवड्याचा पगार. एका आठवड्याला मुकादमाने आमच्या बायकांचे ढीग कमी मोजले. फक्त आमच्या वस्तीचे. का, ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

पगाराच्या दिवशी तो झाडाखाली टेबल मांडून बसला होता, हजेरीपट उघडून. आजी पुढे गेली. मला वाटलं आता भांडण. आजी टेबलासमोर, त्या टोकदार खडीवर, गुडघे टेकून बसली आणि डोक्यावर पदर घेऊन मोठ्याने प्रार्थना करायला लागली. "बापा, तुला दिसतंय का न्हाई? ह्या मानसानं आमची खडी कमी मोजलीया. आठ दिसांची भाकर हाय ती. आमची रोजची भाकर आज दे म्हन्तो आमी, उद्या दे म्हन्त न्हाई." आणि त्या माणसाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग मागच्या बायका एकेक करून खाली बसल्या. कोणीतरी ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन धरलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याची नातवंडं फेसबुकवर असतील.

तर सेक्रेटरीसाहेब, ही झाली प्रार्थना. नाव असलेली, पत्ता असलेली, आणि ज्याच्यामुळे करायची वेळ आली त्याच्या कानावर पडणारी. आज तुम्ही मनातल्या मनात केलीत म्हणता, त्याने कोणाचं काय अडलं? कोणाची झोप उडाली?

स्टॅन स्वामी कोण हे माझ्या यादीतल्या लोकांना सांगायची गरज नाही, तरी आमच्या तरुण मंडळींसाठी लिहिते. येशूसंघी धर्मगुरू, मूळचे तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडचे, आयुष्य गेलं झारखंडच्या आदिवासींत. खटला न चालता वर्षानुवर्षं तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांसाठी ते झारखंड हायकोर्टात गेले. आणि मग स्वतःच त्या रांगेत जाऊन बसले. ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीजवळून उचललं, भीमा कोरेगाव प्रकरणात, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून. वय ८३. पार्किन्सन्स. हात इतके थरथरायचे की पेला ओठापर्यंत जायचा नाही, म्हणून नळी आणि सिपर मागितला. लहान बाळाला देतो तो सिपर! त्या अर्जावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेला वीस दिवसांची मुदत मिळाली. मी दर वेळी हे कोणाला सांगते तेव्हा वाटतं की समोरचा म्हणेल, बाई, जास्तीचं सांगताय. नाही हो. वीस दिवस.

खटला उभाच राहिला नाही. वांद्र्याच्या रुग्णालयात ५ जुलै २०२१ ला गेले, त्याच दिवशी त्यांच्या जामिनाची सुनावणी होती.

आणि या माणसाने तुरुंगातून काय लिहिलं? अरुण मला नाश्ता-जेवण भरवतो, व्हर्नन आंघोळीला मदत करतो. कोठडीतले आणखी दोघे रात्रीच्या जेवणाला मदत करतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. ते फार गरीब घरातले आहेत. माझ्या या सोबत्यांना प्रार्थनेत आठवा. स्वतःसाठी मागणं नाही. गुडघे चोळणाऱ्यांसाठी मागितलं. आमच्या मंडळीत आज गुडघ्यांसाठी प्रार्थना झाली, पण ती वेगळ्या गुडघ्यांसाठी.

लिहिता लिहिता पुन्हा तापले. पाणी पिऊन येते.

हां. तर मला लगेच बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय दाखवला जाईल, आतल्या खोलीत जा, दार लावून घे. माहीत आहे. शब्बाथ शाळेत मीच शिकवलाय. ते दिखाऊपणाबद्दल आहे, भित्रेपणाची सोय म्हणून नाही. त्याच प्रभूने अन्यायी न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन डोकं खाणाऱ्या विधवेची गोष्ट सांगितली, आणि प्रार्थना कशी करावी हे शिकवायलाच सांगितली. ती बाई घरात दार लावून बसली असती तर गोष्टच झाली नसती.

आपल्याकडे हे कोणाला नवीन आहे का? पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या फोटोला आपण हार घालतो. पहाटे उठून प्रार्थना करणारी बाई, हे प्रत्येक भाषणात असतं. पण तीच बाई दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या रुग्णालयात बायकांचे कसे हाल होतात यावर तिने मुंबईच्या पेपरात असं पत्र लिहिलं की विषय लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला आणि गव्हर्नरला खुलासा करावा लागला. गोऱ्या, ख्रिस्ती गव्हर्नरला! हे भाषणात नसतं. कारण ते "पोलिटिकल" आहे.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो दर रविवारी उपदेशात त्या आठवड्यात मारलेल्या आणि गायब केलेल्या लोकांची नावं घ्यायचे. रेडिओवरून ती देशभर जायची. ज्या आईच्या पोराचं नाव पोलीस ठाण्यात कोणी लिहून घेत नव्हतं, तिला ते रेडिओवर ऐकू यायचं. २४ मार्च १९८० ला वेदीपाशीच गोळी घातली त्यांना. आता चर्चने त्यांना संत केलंय, म्हणजे आता त्यांच्या फोटोलाही हार घालता येईल.

तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. ९ ऑक्टोबर १९८९ ला प्रार्थना संपवून लोक बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर सत्तर हजार माणूस होता. नुसत्या प्रार्थनेने बर्लिनची भिंत पडली असं मी म्हणत नाही, गोर्बाचेव्ह होते, बाकीही खूप काही होतं. पण लोक जमले कुठे, ते बघा.

आता आमच्याच घरातलं सांगते. आजीच्या माहेरची अर्धी भावकी ५६ नंतर बौद्ध झाली, आम्ही त्याच्या आधीपासून ख्रिस्ती. वाडा एक, आडनाव एक, गावाच्या विहिरीवरचा अपमान एक. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, मग १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि यायलाच हवे होते. आम्ही अजून बाहेर, ओबीसीचा दाखला घेऊन. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये सांगितलं की धर्माची अट काढा. २०२२ मध्ये आणखी एक आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळाली. वीस दिवसांची मुदत, वर्षाची मुदत, आपल्या देशात मुदत सगळ्यांना मिळते.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार दलित मुक्ती रविवार म्हणून पाळायचा असतो, देशभरच्या चर्चसंस्थांनी ठरवलेला. आमच्या मंडळीत तो बालदिनाच्या कार्यक्रमात विरघळतो. पोरं फुगे घेऊन नाचतात. मी एकदा विचारलं तर एक वडीलधारे म्हणाले, "आता कुठे आपण दलित राहिलो?" ज्यांच्या मुलीचं स्थळ आडनाव ऐकून दोनदा परत गेलं, तेच हे म्हणत होते. आणि परत पाठवणारी घरंही ख्रिस्तीच होती, हेही लिहूनच टाकते. तामिळनाडूत तर ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत आहे. मेल्यावरसुद्धा. कशासाठी प्रार्थना करायची याची आपल्याकडे टंचाई नाहीये.

बरं, एक मान्य करते. पाळकसाहेबांची भीती खोटी नाही. आज घरात चार माणसं प्रार्थनेला जमली तरी धर्मांतराची तक्रार होते, जमाव येतो, आणि पोलीस प्रार्थना करणाऱ्यांनाच गाडीत घालतात. छत्तीसगडच्या नारायणपूरकडे आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांना गाव सोडावं लागलं. पाळकांना बायका-पोरं आहेत, मंडळीची जागा सांभाळायची आहे. मी पेन्शनवर आहे, माझं काय जातं? हे मला कळतं. आवडत नाही, पण कळतं.

पण मग तसं सांगा ना. "बाई, भीती वाटते" असं म्हणा. मी तुमच्या शेजारी बसून त्या भीतीसाठी प्रार्थना करीन, खरंच करीन. "पोलिटिकल आहे" म्हणू नका.

खडीच्या गोष्टीचा शेवट मी सहसा सांगत नाही. आज सांगते. मुकादम घाबरला. पोलिसाला नाही घाबरला, बायका आपलं नाव घेऊन देवाशी बोलतायत याला घाबरला. पुन्हा मोजतो म्हणाला, पेटी लावून मोजलं, पैसे पूर्ण दिले. आणि पुढच्या सोमवारी आजीचं नाव हजेरीपटावर नव्हतं. आई-काकूंचं होतं, आजीचं नाही. काम संपेपर्यंत तिला घेतलं नाही. म्हणजे जिंकलो की हरलो, मला साठी उलटली तरी सांगता येत नाही.

त्या काळात ती घरी बसून रात्री प्रार्थना करायची, आम्ही पोरं तिच्या गोधडीत. सगळ्यांची नावं घ्यायची, म्हशीचंसुद्धा. एका रात्री मी ऐकलं, त्यात मुकादमाचंही नाव आलं. त्याचा लहान मुलगा तापाने फणफणला होता, त्याला बरं कर म्हणून. मला इतका राग आला! मी म्हटलं, आज्जे, त्यानं तुझं काम घालवलं. ती म्हणाली, "मग? त्याचं नाव देवाला म्याच सांगितलंया. आता मधीच कसं सोडू?"

पोरगा जगला. आजीला काम मिळालं नाही. ती मरेपर्यंत त्या माणसाचं नाव घेत राहिली, आणि मला आजही वाटतं की ती थोडी भाकर मागत होती आणि थोडी नजर ठेवून होती.

हे लिहिलं आणि राग जरा उतरला. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. कोविडमध्ये माझ्या दारात भाजी ठेवून जायचा.

एडिट, रात्री १०:४०: सेक्रेटरींचा फोन आला होता. पोस्ट वाचली म्हणाले. पुढच्या रविवारी चिठ्ठी वाचू, पण फादरांचं नाव आणि "तळोजा" एवढं काढा. मी विचारलं, मग कुठल्या तुरुंगासाठी प्रार्थना करायची? थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर्वसाधारण."