थंड प्लाझ्मा आणि क्लोरीनचा हिशेब

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: “थंड प्लाझ्माच्या मशिनमध्ये कोणतंही मेटल क्लोराइड टाका, ऑक्साइड घ्या. भट्टी नको, वीज नाममात्र, क्लोरीन जागच्या जागी नष्ट.” मेटल क्लोराइड म्हणजे धातू आणि क्लोरीनचं संयुग, ऑक्साइड म्हणजे धातू आणि ऑक्सिजनचं. थंड प्लाझ्मा म्हणजे विजेने रेणू फोडलेला वायू: त्यातले इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले, पण वायू एकूण गारच. तंत्र खोटं नाही. जाहिरात खोटी आहे.

“क्लोरीन नष्ट.” यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. प्लाझ्मा रेणू फोडतो, अणू गायब करत नाही. एक किलो कोरड्या फेरिक क्लोराइडमध्ये साधारण 655 ग्रॅम नुसता क्लोरीन असतो. त्यापासून ऑक्साइड मिळतं जेमतेम 490 ग्रॅम. क्लोरीन वायू होऊन बाहेर येणार, ओलावा असेल तर हायड्रोजन क्लोराइड होऊन. म्हणजे कॉस्टिकचा स्क्रबर, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने वायू धुणारं यंत्र, आलाच. तो नसेल तर शेजारच्या गाळ्यातली माणसंही खोकत रस्त्यावर येतील.

“वीज नाममात्र.” ट्यूबलाइटमध्येही थंड प्लाझ्माच असतो. काचेला हात लावता येतो, पण आतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात असतं. ऑक्साइडसाठी ऑक्सिजनचा रेणू फोडावा लागतो, आणि त्याला लागणारे सुमारे 5 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणू-रेणूंच्या ऊर्जेचं माप) विजेच्या मीटरमधूनच येतात. शिवाय आपल्याकडे क्लोराइड कोरडं असतं कुठे? पिकलिंगच्या, म्हणजे लोखंडाचा गंज आम्लात काढायच्या, टाकीतलं ते हिरवट पाणी घ्या: थोडं फेरस क्लोराइड, उरलंसुरलं आम्ल, बाकी पाणीच पाणी. एक लिटर पाणी तापवून वाफ करायला सुमारे 0.7 युनिट लागतं. हजार लिटरच्या टाकीचा गुणाकार ज्याचा त्याने करावा; प्लाझ्माचा खर्च त्यानंतर सुरू होतो. मोठे स्टीलवाले हेच पाणी इंधनाच्या भट्टीत फवारतात, आम्ल परत मिळवतात आणि लोहाचं ऑक्साइड विकतात. ते काही वेडे नाहीत.

“कोणतंही क्लोराइड.” टायटॅनियम टेट्राक्लोराइडची बाटली उघडली की हवेतल्या ओलाव्यानेच पांढरा धूर निघतो, प्लाझ्माशिवाय. मीठही क्लोराइडच, पण त्याचं उलट. त्याचं ऑक्साइड करायला भरपूर ऊर्जा ओतावी लागते, आणि तयार झालेलं ऑक्साइड क्लोरीनच्या संगतीत राहिलं की पुन्हा मीठ.

चिप उद्योगात मात्र हे रोज चालतं: टेट्राक्लोराइडची वाफ, ऑक्सिजनचा प्लाझ्मा, 200 अंशांच्या आत टायटॅनियम ऑक्साइडचा थर. पण थर नॅनोमीटरचा. पावडरच्या ढिगात प्लाझ्माचे क्रियाशील कण वरच्यावरच संपतात. सतत ढवळलं नाही तर वर ऑक्साइड, खाली जसंच्या तसं क्लोराइड.

विक्रेता डेमो द्यायला आला तर त्याचं कोरडं सॅम्पल बाजूला ठेवायला सांगा आणि आपल्याच टाकीतलं पाणी द्या. मग दोन आकडे लेखी मागा: किलोमागे किती युनिट, आणि बाहेर पडणाऱ्या वायूत क्लोरीन किती.